वडिलांची दारू आणि मुलांचे ओझे

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरी दारूचा विषय निघाला की मराठी माणसाला आजही सुधाकर, सिंधू आणि तळीराम आठवतात. त्या नाटकात एक तान्हे मूलही आहे. ते नाटकातच दगावते, सिंधू जाते, सुधाकरही जातो आणि पडदा पडतो. प्रत्यक्षातल्या घरांत बहुधा असे होत नाही. तिथला सुधाकर साठी-सत्तरीपर्यंत जगतो. मूलही जगते, मोठे होते, नोकरीला लागते, त्याचे लग्न होते. आणि मग एके दिवशी पोट फुगलेल्या, पाय सुजलेल्या वडिलांना रिक्षात घालून दवाखान्यात आणण्याची पाळी त्या मुलावर किंवा मुलीवर येते.

या चाळिशीतल्या मुलांविषयी आपण फारसे बोलत नाही. दारू पिणाऱ्याच्या बायकोविषयी समाजाला निदान कणव तरी वाटते. मुलाला मात्र दोन्ही बाजूंनी ऐकावे लागते. लहानपणी ‘त्या बेवड्याचा पोरगा’ म्हणून आणि मोठेपणी ‘बापाकडे बघत नाही’ म्हणून. लग्नकार्यात आण्णा कुणाशी भांडतील या धास्तीने तो जेवणाच्या पंगतीतही नीट बसत नाही. पेठेतल्या चौकातून फोन आला की ‘कुठे पडलेत?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असतो.

अशा घरांतून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला जातो. ‘काय केलं म्हणजे यांची दारू सुटेल?’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळे थांबवून ठेवले जाते, तिथे घात होतो. ‘आधी दारू सोडा, मग दवाखान्याला पैसे घालतो,’ असे रागाने म्हटले जाते आणि पुढची दोन वर्षे रक्ताची साधी तपासणीही होत नाही. म्हणून आजच्या लेखात एवढेच सांगायचे आहे की वडिलांची दारू आणि वडिलांचे शरीर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मुलाच्या हातात नाही. दुसऱ्यासाठी मात्र तो आजपासून बरेच काही करू शकतो. दारू सुटण्याची वाट न पाहता ते करावे आणि जे हातात नाही त्याचे ओझे डोक्यावर घेऊ नये.

हा दोष कोणाचा?

व्यसनाधीनता हा आजार आहे, हे वाक्य आता भिंतींवरही लिहिलेले दिसते. पण घरात ते कोणी खरे मानत नाही. घरातला समज असा असतो, की मनात आणले तर सोडतील, त्यांना आमची किंमतच नाही. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूत प्रत्यक्ष बदल झालेले असतात. दारू मेंदूचे काम मंदावते. मेंदू त्याला तोंड देण्यासाठी स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. मग दारू मिळाली नाही की ही उत्तेजना मोकाट सुटते आणि माणूस थरथरू लागतो. अशा वेळी तो मजेसाठी पीत नसतो, थरथर थांबावी म्हणून पीत असतो. याचा अर्थ त्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही असा नव्हे. मधुमेह होणे रुग्णाच्या हातात नसले तरी पथ्य पाळणे त्याच्या हातात असते, तसेच हे आहे. मात्र शिव्या, शपथा आणि अश्रू यांनी मधुमेह जात नाही आणि व्यसनही जात नाही.

हा आजार किती पसरला आहे? दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. सर्वांत बोलका आकडा पुढचा आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना त्यांची घरेच सांभाळतात. त्या पाहणीत पिणाऱ्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण फार मोठे असले तरी स्त्रियाही आहेत. आई पिणारी असेल तर घर ती गोष्ट दुप्पट झाकते. या लेखातले सगळे आईलाही लागू आहे.

अमेरिकेत १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एकाच्या पत्नीने पुढे १९५१ साली पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे स्वतंत्र संघटन उभे केले. कारण नवऱ्यांची दारू सुटल्यावरही बायका-मुलांची मने आजारीच राहतात, असे तिला दिसले. या गटांत नवीन आलेल्याला पहिली गोष्ट सांगतात ती अशी, की हे व्यसन तुम्ही लावलेले नाही, ते तुम्हाला आवरता येणार नाही आणि तुम्हाला ते बरेही करता येणार नाही. वरवर हे निराशेचे बोल वाटतात. ज्या मुलाने दहाव्या वर्षापासून ‘मी चांगले मार्क मिळवले तर बाबा पिणार नाहीत’ असा हिशेब मांडलेला असतो, त्याला मात्र ते ऐकून सुटल्यासारखे वाटते.

झाकण्याची किंमत

आपल्या भागात घराची अब्रू फार मोठी. भावकीत कळू नये, मुलीचे लग्न ठरायचे आहे, म्हणून घर अनेक गोष्टी झाकते. आण्णांना ‘शुगरचा त्रास आहे’ असे पाहुण्यांना सांगितले जाते. बारची उधारी मुलगा गुपचूप भागवतो. लोकांपासून झाकले तर फार बिघडत नाही. डॉक्टरांपासून झाकले तर मात्र जीव जाऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. हे कुणा एका घराचे नाही, अनेक घरांत घडणारे आहे. रोज पिणारे पासष्ट वर्षांचे गृहस्थ मोरीत घसरून पडतात, मांडीचे हाड मोडते. दवाखान्यात दाखल करताना ‘काही व्यसन?’ असे विचारले जाते. मुलगा खाली मान घालून म्हणतो, ‘नाही, कधीतरी थोडी घेतात.’ पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. सर्वांना वाटते, वेदनेमुळे असेल. दुसऱ्या दिवशी फिट येते. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसू लागतात, ते सलाईनची नळी उपसून पळू पाहतात. नातेवाईक म्हणतात, ‘ऑपरेशनने डोक्यावर परिणाम झाला.’ कुणी अंगारा आणायला धावते.

हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. दारू अचानक तुटल्याने होणारा हा त्रास आहे आणि त्याचे वेळापत्रक बहुतेक ठरलेले असते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, छातीत धडधड आणि मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. भ्रमाची अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान येते. या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही येतो. डॉक्टरांना आधीच माहीत असेल तर योग्य गोळ्या ठरावीक मात्रेत देऊन आणि त्या हळूहळू कमी करून हे सगळे बहुतांशी टाळता येते. त्यासाठी मुलाने एकच वाक्य खरे बोलायचे असते. ‘रोज पितात, इतकी पितात, शेवटची काल रात्री प्यायले.’

दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो. माणूस गळून गेला की ‘एक ग्लुकोजचं सलाईन लावा’ असा आग्रह घरचे धरतात. बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवल्यास उरलेसुरले जीवनसत्त्वही खर्ची पडते. मग मेंदूला इजा होऊन चालताना तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, स्मृती जाणे असे प्रकार होऊ शकतात, आणि गेलेली स्मृती पुष्कळदा परत येत नाही. दारूचे माहीत असलेले डॉक्टर ग्लुकोजच्या आधी किंवा त्याच्यासोबत बी-१ देतात. इंजेक्शन स्वस्त आहे, पण ते द्यावे हे सुचण्यासाठी माहिती खरी हवी.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात यावी. श्रावण लागला म्हणून, नवरात्र बसले म्हणून किंवा मुलाने कोंडून ठेवले म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद करणे धोक्याचे आहे. आपल्याकडे जोतिबाची शपथ घालतात, पंढरीची माळ घालतात. माळ घालून खरोखर सुटलेली माणसे गावोगाव आहेत आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. माळेबरोबर भजनाची मंडळी मिळतात, संध्याकाळ रिकामी राहत नाही, चार माणसे विचारपूस करतात. व्यसनमुक्तीचे गट जे करतात तेच हे आहे. फक्त माळ घालण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे आणि पहिला आठवडा त्यांच्या देखरेखीखाली काढावा. माळ मनाला आधार देते, फिट थांबवत नाही.

शरीर काय सांगते

‘तीस वर्षे पितोय, मला काय झालं?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. यकृत म्हणजे लिव्हर हा सोशिक अवयव आहे. आधी त्यावर चरबी साठते, मग सूज येते, मग ते आकसून निबर होते. तोवर माणसाला फारसे काही जाणवत नाही. शिवाय वय वाढले की शरीरातले पाण्याचे प्रमाण कमी होते, त्यामुळे चाळिशीत पचणारी तीच क्वार्टर साठीत दुप्पट लागल्यासारखी होते. तोल जातो, पडणे वाढते, बी.पी. आणि झोपेच्या गोळ्यांशी तिचा खेळ होतो.

मुलांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, पायांवर सूज, दंड-मांड्या वाळत जाणे, सहज काळेनिळे डाग पडणे, या खुणा दिसल्या की त्या आठवड्यातच तपासणी करून घ्यावी. रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी यांतून पुष्कळ कळते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर सकाळची वाट पाहू नये, तसेच मोठ्या दवाखान्यात न्यावे. पोटात पाणी असताना ताप आला किंवा पोट दुखू लागले तरीही तेच करावे.

तीन प्रसंगी घरचे हमखास फसतात. पहिला प्रसंग असा, की दिवसा झोप, रात्री जागरण, बोलताना शब्द चुकणे, सही वेडीवाकडी होणे हे पाहून ‘पुन्हा प्यायले’ असे वाटते. पुष्कळदा ते प्यायलेले नसतात. यकृत निकामी झाल्याने रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोहोचलेली असते. साधा बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग किंवा झोपेची गोळीसुद्धा यास निमित्त होते. दुसरा प्रसंग मधुमेह्याचा. गोळी किंवा इन्सुलिन घेतलेला माणूस उपाशीपोटी प्यायला की साखर झपाट्याने उतरते. घाम, बरळणे, गुंगी हे सगळे नशेसारखेच दिसते. घरात शुगर तपासण्याचे यंत्र असेल तर आधी बोटातून रक्त तपासावे, ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नये. तिसरा प्रसंग डोक्याला मार लागल्याचा. पडल्यावर काही झाले नाही असे वाटते, पण आत हळूहळू रक्त साचून दिवसांनी किंवा आठवड्यांनी सुस्ती, डोकेदुखी, एका बाजूला अशक्तपणा दिसू लागतो.

औषधांबाबत दोन शब्द. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णाच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला घातक ठरू शकतात. तापाची साधी पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेतच द्यावी. कावीळ दिसली की गावठी औषधाला, नाकात थेंब टाकून घ्यायला नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दारूने खराब झालेल्या यकृतावर अनोळखी पाल्याच्या रसाचा प्रयोग करू नये. आहारात पोटात पाणी असेल तर मीठ कमी, म्हणजे पापड, लोणचे, खर्डा बाजूला. मात्र ‘लिव्हर खराब आहे, नुसती पेज द्या’ हा जुना समज आता मागे पडला आहे. अशा रुग्णाला डाळ, दूध, अंडी यांची गरज असते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर ती बंद करू नयेत.

‘आता एवढे झाल्यावर सोडून काय उपयोग?’ असे वडील विचारतात. उपयोग आहे. यकृत निबर झाल्यानंतरही दारू पूर्ण थांबवणाऱ्यांचे आयुष्य न थांबवणाऱ्यांपेक्षा वाढते, हे वैद्यकशास्त्राने नि:संशय दाखवले आहे. म्हणून प्रयत्न सोडायचे नाहीत. फक्त ते योग्य दाराने करायचे.

चोरून औषध नको

‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती सर्वांच्या पाहण्यात असतील. पूड भाजीत मिसळायची, चहात टाकायची. अशा पुडीत काय आहे हे सांगणारा कोणी नसतो. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. त्याचा दारूविरुद्धचा उपयोग १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये पुढे आला. ते घेतल्यावर दारू प्यायली तर उलट्या, धडधड, बी.पी. एकदम घसरणे असे होते. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि हृदय-यकृत तपासूनच ते द्यायचे असते. वृद्ध, हृदयविकाराच्या माणसाला ते चोरून दिले तर दारू सुटण्याऐवजी माणूसच जाऊ शकतो. आणि जगला तर बायको-मुलांच्या हातच्या जेवणावरचा त्याचा विश्वास कायमचा उडतो. ओढ कमी करणारी दुसरी औषधेही आज आहेत. यकृताची अवस्था पाहून त्यांतले कोणते चालेल हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात.

दार कुठे ठोठवावे?

महाराष्ट्रात या कामाचा मोठा वारसा आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ साली पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. आरंभी गर्दच्या विळख्यातल्या तरुणांसाठी निघालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. त्या ३५ दिवसांइतकेच मोल मला तिथल्या आणखी एका गोष्टीचे वाटते. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. केवळ पिणाऱ्याला बरे करून भागत नाही, घरालाही उपचार लागतो, हे त्यांनी जाणले. आपल्या शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था याच क्षेत्रात काम करते.

कोल्हापुरात आपला थोरला दवाखाना, म्हणजे सी.पी.आर., शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला आहे. तिथे मानसोपचार आणि पोटाचे आजार या दोन्हींसाठी दाखवता येते. लांब जाणे जमत नसेल त्यांनी व्यसनमुक्तीच्या १४४४६ किंवा मानसिक आरोग्याच्या १४४१६ या शासकीय हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात करावी. फोन मुलाने केला तरी चालतो, वडील तयार असलेच पाहिजेत असे नाही.

मात्र ‘माणसे पाठवून उचलून नेतो, बांधून ठेवतो, महिन्यात सरळ करतो’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक विकार आपल्या कक्षेत घेतले आहेत. त्या कायद्याने रुग्णाला माराहाणीपासून, साखळदंडापासून संरक्षण दिलेले आहे. संमतीशिवाय दाखल करून घेण्याच्या अटी कडक आहेत आणि ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. केंद्र निवडताना नोंदणी पाहावी, डॉक्टर रोज येतात का ते विचारावे आणि नातेवाइकांना भेटू देतात का ते पाहावे.

घरात कसे वागावे

बोलायचे ते सकाळी, ते शुद्धीवर असताना. रात्री नशेत झालेला वाद सकाळी त्यांच्या लक्षातही नसतो, तुमच्या मात्र वर्षभर लक्षात राहतो. ‘तुम्ही आमचे वाटोळे केले’ यापेक्षा ‘आण्णा, काल तुम्ही जिन्यात पडलात, नातू घाबरून रडत होता, उद्या माझ्याबरोबर रक्त तपासायला चला’ हे वाक्य जास्त काम करते. दारू सोडण्याचे वचन मागू नये, तपासणीला येण्याचे मागावे. दवाखान्यात पोहोचलेला माणूस डॉक्टरांच्या तोंडून जे ऐकून घेतो ते मुलाच्या तोंडून घेत नाही.

काही गोष्टींना मात्र स्पष्ट नकार द्यावा. बारची उधारी भागवायची नाही. गाडीची किल्ली द्यायची नाही. नातवंडांना त्यांच्याबरोबर दुचाकीवर पाठवायचे नाही. घरात मारहाण होत असेल तर ती सहन करणे म्हणजे सेवा नव्हे. आईला किंवा सुनेला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण आहे, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. वडील आजारी आहेत म्हणून दुसऱ्याने मार खावा, असे कोणताही आजार सांगत नाही.

ओझे वाटून घेणे ही तर फार मोठी गोष्ट. बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीच्या डोक्यावर येते आणि ती व्यक्ती बहुधा सून किंवा माहेरजवळ दिलेली मुलगी असते. पुण्या-मुंबईचा भाऊ रविवारी फोन करून सल्ला देतो, ‘तुम्ही त्यांच्याकडे नीट लक्ष देत नाही.’ त्याने सल्ल्याऐवजी महिन्याचा औषधखर्च द्यावा किंवा वर्षातून पंधरा दिवस येऊन स्वतः रात्री जागाव्यात. जी व्यक्ती उशाशी बसते तिची झोप, तिचे बी.पी., तिचे रडणे यांचीही विचारपूस व्हावी.

आणि शेवटी राहतो तो सर्वांत अवघड प्रश्न. सगळे करूनही वडील पीतच राहिले तर? असे पुष्कळ घरांत होते. लोक म्हणतात, ‘बाप आहे, विसरून जा सगळे.’ ज्याने लहानपणी पट्ट्याचे फटके खाल्ले, फीचे पैसे बारमध्ये गेलेले पाहिले, त्याला विसरायला सांगण्याचा हक्क कोणाला नाही. क्षमा ही मनाची गोष्ट आहे, ती ज्याची त्याने ठरवावी. पण क्षमा न करताही औषध वेळेवर देता येते, अंथरूण कोरडे ठेवता येते, वेदना कमी करण्यास डॉक्टरांना सांगता येते. ही माया नसेल, निव्वळ माणुसकी असेल. तेवढीही पुरेशी आहे. उलट ज्याच्याकडून तीही होत नाही, ज्याने स्वतःचे घर वाचवण्यासाठी वेगळी चूल मांडली, त्याला नावे ठेवण्यापूर्वी भावकीने एक रात्र त्या घरात काढून पाहावी. वडील गेल्यावर ‘मी अजून थोडे केले असते तर’ ही टोचणी बहुतेक मुलांना लागते. तिला उत्तर हेच, की दवाखान्याचे दार तुम्ही उघडून दिले होते, आत जाणे त्यांच्याकडे होते.

समाज म्हणून आपल्याकडेही काही येणे आहे. ३८ जणांपैकी ३७ जण उपचाराबाहेर राहतात, कारण त्यांना कोणी विचारतच नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बी.पी. आणि शुगरबरोबर ‘दारू किती घेता?’ हा प्रश्न न लाजता, न दरडावता विचारला गेला पाहिजे. दारू तुटतानाचा पहिला आठवडा काढण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी चार खाटा हव्यात. आणि जिथे जिथे पिणाऱ्यांचे गट भरतात, तिथे शेजारच्या खोलीत त्यांच्या मुलांनाही आठवड्यातून एकदा बसता आले पाहिजे. बाकी काही नाही, तरी निदान तिथे त्यांना खरे बोलता येईल.